इंग्रजी लिहिणारा आग्नेय आशिया (४) : मर्लायनशी भांडणारे कवी

सिंगापूरची सहल करून आलेल्या मराठी घरात मर्लायनसमोरचा एक तरी फोटो सापडतो. मुंडके सिंहाचे, अंग माशाचे, तोंडातून पाण्याची धार. हा प्राणी कुठल्या पुराणातला? पुराणातला नाहीच, तो पर्यटन मंडळाचा. १९६४ मध्ये तिथल्या मत्स्यालयाचे अभिरक्षक अलेक फ्रेझर-ब्रूनर यांनी तो मंडळाचे बोधचिन्ह म्हणून रेखाटला. १९७२ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी नदीच्या मुखाशी त्याच्या ८.६ मीटर उंच पुतळ्याचे उद्घाटन केले. सिंगापूरच्या इंग्रजी कवितेतला एक मोठा वाद या पुतळ्याभोवती फिरतो.

त्याचे मूळ एडविन थंबू यांच्या कवितेत आहे. त्यांचे वडील तमिळ शिक्षक, आई चिनी पेरानाकन घराण्यातली. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशात चिनी, मलाय, तमिळ सगळे होते; सगळ्यांना आपली वाटेल अशी कथा मात्र नव्हती. १९७९ च्या ‘युलिसीस बाय द मर्लायन’मध्ये थंबूंनी ग्रीक महाकाव्यातला दर्यावर्दी थेट या किनाऱ्यावर उतरवला आणि नाना मुलखांतून आलेल्या माणसांनी वसवलेले नगर त्याला दाखवले. नायक ग्रीकच का, असा प्रश्न पडतो. मला वाटते, चिनी, मलाय किंवा तमिळ नायक घेतला असता तर उरलेले दोघे रुसले असते. इंग्रजी शाळेतला ग्रीक परका खरा, पण सगळ्यांनाच सारखा परका. कविता बांधेसूद आहे, तरी तिला सरकारी समारंभाचा वास येतो. पुतळ्याजवळ तिचा फलक लागला, यात नवल नाही.

पुढच्या पिढीला हे दैवत पचले नाही. ली त्झू फेंग यांनी मर्लायनलाच बोलते करून युलिसीसला उत्तर द्यायला लावले. आल्फियन सआत या मलाय तरुणाचा ‘वन फियर्स अवर’ हा संग्रह १९९८ मध्ये आला, तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या कवितेत दोघे मित्र पुतळा बघतात. एकाला तो हातपाय नसलेला प्राणी विद्रूप वाटतो. आणि दुसऱ्याची नजर त्या मित्राच्याच रंगवलेल्या केसांवर, निळ्या लेन्सवर जाते. ना जमिनीचा ना पाण्याचा तो प्राणी आता समोर उभा राहून बोलतोय. माझ्या मते या विषयावरची सर्वांत धारदार कविता हीच. २००९ पर्यंत मर्लायन-कवितांचा अख्खा संग्रह निघाला, आणि सहसंपादक कोण, तर थंबूच!

दरम्यान वास्तवानेही विडंबन लिहिले. १९९७ मध्ये झालेल्या पुलाने पुतळ्याचे समुद्रमुख झाकले, म्हणून २००२ मध्ये त्याला सुमारे १२० मीटर पुढे हलवावे लागले.

भांडणाची दुसरी आघाडी भाषेची. वसाहतीतल्या मुलांच्या खेळाच्या जागेशी बसून पोरांची फुशारकी मारणाऱ्या दोन आया आर्थर यॅप यांनी कवितेत आणल्या, त्या बोलतात सिंग्लिश : चिनी वळणाची, मलाय शब्द पेरलेली बाजारातली इंग्रजी. ‘चांगले इंग्रजी बोला’ ही सरकारी मोहीम २००० मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये ग्वी ली सुई या कवीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सिंग्लिशची बाजू मांडली, तर पंतप्रधानांच्या प्रसिद्धी सचिवांनी त्याच वृत्तपत्रात पत्र लिहून खोडून काढली. कवीच्या लेखाला एवढ्या वरून उत्तर येणे, हाही एक मानच म्हणायचा. ग्वींनी पुढे ‘द लिटल प्रिन्स’ सिंग्लिशमध्ये उतरवले.

पुढच्या आठवड्यात फिलिपिन्स : कवितेत शब्दाशब्दामागे स्वल्पविराम टाकणारे होसे गार्सिया विला.