दमेकरी आणि श्वसनाची सांथ

ता. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड ही जगद्व्यापी सांथ असल्याचें जाहीर केलें, तेव्हां दमेकऱ्यांच्या मनांत विशेष धास्ती उत्पन्न व्हावी हें साहजिकच होतें. ज्याचा श्वास एरव्हींही कोंडतो, त्यानें फुप्फुसांवर घाला घालणाऱ्या रोगापुढें टिकाव कसा धरावा? या प्रश्नाचें उत्तर आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दमा म्हणजे श्वासनलिकांचा जुनाट दाह होय. त्यामुळें नलिकांचें अस्तर सुजतें, भोंवतालचे स्नायू आंवळले जातात व कफ सांचून वाट अरुंद होते. त्यावर पंपानें ओढावयाचीं औषधें मुख्यत्वें दोन प्रकारचीं आहेत. सालब्युटामॉल हें स्नायू सैल करून तत्काळ आराम देतें. परंतु सूज हटवीत नाहीं. ब्युडेसोनाइडसारखें स्टेरॉइड नेमानें घेतल्यास सूज ओसरते. पण त्याचा गुण सावकाश दिसतो.

स्टेरॉइडानें प्रतिकारशक्ति खचेल, सबब तो पंप बंद करावा, अशी शंका त्या काळीं निघाली. ही समजूत आम्हांस घातक वाटते. पंपांतील मात्रा अल्प असून ती मुख्यत्वें श्वासनलिकांतच कार्य करते. ती अकस्मात् सोडल्यास दमा उसळतो. पुढें अनुभवांतीं असें आढळलें कीं, ज्यांचा दमा आटोक्यांत असतो त्यांस गंभीर कोविडाचा धोका इतरांहून विशेष अधिक नसतो. ज्यांस नुकत्याच स्टेरॉइडाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, त्यांचा मात्र वाढतो.

म्हणून वैद्यांनीं सांगितलेलें औषध बरें वाटत असतांही चालू ठेवावें. पंप हलवून, श्वास सोडून, औषध सावकाश ओढावें व सुमारें १० सेकंद श्वास रोखावा. स्टेरॉइडानंतर चूळ भरावी. आपला पंप दुसऱ्यास देऊं नये. ज्वर येणें किंवा वास न कळणें हीं दम्याचीं लक्षणें नव्हत. तीं दिसतांच तपासणी करावी. वाक्य पुरें बोलवेना, ओठ निळसर पडले किंवा पंपानें उतार पडेना, तर क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें.

ता. ५ मे २०२३ रोजीं त्या सांथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर झालें; तथापि तो विषाणु नाहींसा झाला नाहीं. वर्गांत एखादा सोबती पंप काढतो, तेव्हां त्याची थट्टा होऊं नये. लाजेनें औषध चुकविणाऱ्या मुलाचा जीव त्या थट्टेनेंच धोक्यांत येतो. श्वास ही परमेश्वराची देणगी आहे; तिचें जतन करणें हें त्याचें, व त्यास साह्य करणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य होय.