सात पास आणि विजेतेपद
जानेवारी १९७४, ह्यूस्टन. अमेरिकन फुटबॉलच्या आठव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यात, मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याने अख्ख्या सामन्यात चेंडू फेकला अवघा सात वेळा. सहा पास झेलले गेले, ७३ यार्ड मिळाले. एरवी चेंडू लॅरी झोंकाच्या पोटाशी द्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्या धिप्पाड गड्याने ३३ वेळा मुसंडी मारून १४५ यार्ड काढले. मिनेसोटा २४-७ असा हरला.

मग पास कमी, तर खेळ चांगला? इथेच आकडे चकवतात. पास झेलला गेला नाही की घड्याळ थांबतं, म्हणून आघाडीवरचा संघ चेंडू घेऊन पळत वेळ खातो. पिछाडीवरच्याला फेकण्यावाचून गत्यंतर नसतं. पास कमी म्हणून संघ जिंकतो, त्यापेक्षा जिंकत असतो म्हणून पास कमी लागतात, असं म्हणणं जास्त खरं. (ग्रीसीला फेकता येत नव्हतं, असं कुणी समजू नये.)

पास जास्त म्हणूनही निकाल ठरत नाही. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये २८-३ अशा पिछाडीवरून क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने एकूण ६२ पास फेकत अटलांटाला ३४-२८ असं हरवलं. पुढच्याच वर्षीच्या सुपर बोलमध्ये त्याने पासांतून ५०५ यार्ड काढले. तरी सामना फिलाडेल्फियाने ४१-३३ असा नेला.