सावलीतील पाणथळ वाफा : ब्राह्मी, मंडूकपर्णी आणि वचा

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील 'मेधायुष्कामीय' या २८ व्या अध्यायात मंडूकपर्णी, ब्राह्मी आणि वचा यांचे प्रयोग स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. पैकी पहिल्या दोहोंचा स्वरस सांगितला आहे, आणि स्वरसासाठी वनस्पती ओलीच हवी; बाजारातील वाळलेल्या पंचांगाने ते कार्य साधत नाही. या तिन्ही वनस्पती पाणथळ भूमीत रुजणाऱ्या आहेत. दवाखान्याच्या वा औषधनिर्माणशाळेच्या मागील अर्धवट सावलीची ओलसर जागा, जी बहुधा अडगळीसाठीच वापरली जाते, तिचा येथे उत्तम उपयोग होऊ शकतो.

निवड करताना प्रथम ऊन पाहावे. कमळ व कुमुद यांना दिवसाकाठी पाच-सहा तास थेट ऊन लागते. सावलीत पाने येतात, परंतु फुले येत नाहीत. तालिमखानाही उघड्या जागेतच बरा. मंडूकपर्णीस मात्र विरळ सावली मानवते. ब्राह्मी व वेखंड सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळाल्यास समाधानकारक वाढतात. दाट सावलीत ब्राह्मीच्या कांड्या लांबट व विरळ पानांच्या होतात. पिंपळीस सावली हवी, पण मुळाशी तुंबलेले पाणी सोसत नाही. म्हणून तिला वाफ्याच्या उंच कडेवर लावावे.

त्यानंतर पाण्याची पातळी पाहावी. सुमारे एक फूट खोल खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरून, त्यास बाजूने थोडी छिद्रे ठेवून माती व कुजलेले शेणखत भरावे. एक बाजू किंचित सखल ठेवावी. सखल भागात वेखंडाच्या गड्ड्याचे डोळे असलेले तुकडे, मधल्या चिखलात ब्राह्मीच्या बोटभर लांबीच्या कांड्या आणि वरच्या ओल्या मातीत मंडूकपर्णी, असा क्रम ठेवावा. पावसाळ्याच्या आरंभी लागवड केल्यास रोपे लवकर जोम धरतात. मातीवर पाणी साचू न दिल्यास डासांचा उपद्रवही टळतो.

रोपे आणताना मात्र विशेष दक्षता हवी. महाराष्ट्रात मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात आहे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. ब्राह्मीची पाने लहान, मांसल, चमच्याच्या आकाराची व समोरासमोर असतात. फूल पांढुरके वा फिकट जांभळे असते. मंडूकपर्णीचे पान गोलसर, दंतुर कडांचे व लांब देठाचे असते. देठ पानाच्या खाचेत जोडलेला असतो. देठ पानाच्या मध्यभागी छत्रीसारखा जोडलेला दिसल्यास ती शोभेची दुसरीच वनस्पती समजावी. वेखंडाचे तलवारीसारखे पान चुरगळल्यावर उग्र सुगंध आलाच पाहिजे.

दुसरी दक्षता पाण्याची. ब्राह्मी व मंडूकपर्णी या दोन्ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून साठवितात. गटाराच्या वा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली ब्राह्मी दिसावयास कितीही टवटवीत असली, तरी ती रुग्णास देणे अनुचित होय. आपल्या वाफ्यासही मोरीचे पाणी न सोडता विहिरीचे वा नळाचे स्वच्छ पाणीच द्यावे.

एका लहान वाफ्यातून मोठ्या निर्मितीची गरज भागणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या वैद्याच्या वा औषधनिर्मात्याच्या दारी या वनस्पती योग्य नावाच्या पाटीसह उभ्या आहेत, त्यास पुरवठादाराने आणलेला माल पारखण्यासाठी ओळखीचा नमुना सदैव हाताशी राहतो. रुग्ण आपल्या शब्दावर विश्वास ठेवून 'ब्राह्मी' घेतो. तो शब्द खरा ठरविण्याचे दायित्व आपले आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी सभासदांनी आपल्या आवारातील अशी एखादी जागा अवश्य शोधावी, अशी आमची विनंती आहे.