होडीचा दिवा कुणासाठी?

बचत गटाच्या बैठकीत होडीसाठी कर्ज मागताना जाळं येतं, मशीनची दुरुस्ती येते. दिवा क्वचितच येतो. ‘टॉर्च आहे की घरात’ म्हटलं की विषय संपला. म्हणून आज गडबहून तुमच्याशी दिव्यावरच बोलते.

आपली धरमतरची खाडी आता नुसत्या होड्यांची राहिलेली नाही. डोळवीच्या कारखान्याचा माल घेऊन मोठे बार्ज भरतीवर आत येतात, आणि भरती काही दिवस-रात्र बघत नाही. भरलेला बार्ज ट्रकसारखा जागेवर थांबत नाही. शिवाय चालवणारा मागे, उंचावर. बार्जच्या अगदी पुढ्यातलं पाणी त्याला दिसतच नाही. आपला माणूस त्याला लांबूनच दिसायला हवा. टॉर्चने आपल्याला जाळं दिसतं, पण आपण त्याला दिसतो का?

होड्या-जहाजांच्या दिव्यांचे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरलेत. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत दिवे हवेत. वल्ह्याच्या होडीत निदान पांढऱ्या उजेडाची टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी हवा, आणि धडक टळेल इतक्या आधी तो दाखवायला हवा. मशीनची होडी १२ मीटरपेक्षा लहान असेल तर चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. पांढरा दिवा रंगीत दिव्यांपेक्षा निदान एक मीटर उंच. होडी ७ मीटरपेक्षा लहान आणि सावकाश चालणारी असेल, रंगीत दिवे बसवणं जमत नसेल, तर एकटा पांढरा चालतो. ट्रॉलर सोडून इतरांना, जाळं पाण्यात असताना, पांढऱ्याच्या वर लाल अशी वेगळी जोडी आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

लाल-हिरव्यावरून समोरच्याला कळतं, होडी कुठल्या दिशेला चाललीय. म्हणून गणपतीच्या मखरातल्या लुकलुकत्या माळा होडीला लावू नका. छान दिसतात, पण बार्जवाला त्यातून काय समजणार?

आता विजेचा हिशोब. तीन एलईडी दिवे मिळून साधारण ६ वॅट घेतात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर म्हणजे अर्धा अँपिअर. दहा तासांच्या रात्रीला ५ अँपिअर-तास. पण अ‍ॅसिडची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून १० ते १२ अँपिअर-तासांची घ्यावी. २० वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात एवढी वीज दिवसभरात परत भरतं. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, नाहीतर बॅटरी जास्त चार्ज होऊन खराब होते. पावसाळ्यात मात्र बॅटरी घरी आणून चार्ज करायची तयारी ठेवा. जुन्या पद्धतीचे १० वॅटचे बल्ब लावले तर हाच खर्च पाचपट होतो, मग मोठी बॅटरी, मोठं पॅनल. दुकानदार स्वस्त बल्ब दाखवेल तेव्हा हे आठवा.

बिघाड मात्र बहुतेक वेळा बॅटरीत नसतो, जोडात असतो. आपलं खारं पाणी तांब्याला हिरवं करून टाकतं. वायर कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची घ्या. घरगुती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड टिकत नाही. जोड डाग देऊन, वरून गरम केल्यावर आवळणारी नळी चढवून घ्या, आणि तो जितका उंच ठेवता येईल तितका ठेवा. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच फ्यूज हवा. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक पेटीत, दोराने घट्ट बांधलेली, इंधनाच्या कॅनपासून लांब. पेटीला हवा जायला भोकं ठेवा, चार्ज होताना वायू निघतो.

पांढरा दिवा होडीवाल्याच्या डोक्याच्या वर जाऊ दे. डोळ्यांसमोर आला तर त्यालाच पुढचा काळोख दिसणार नाही.

बसवून झालं की अंधारात होडी पाण्यात सोडायला लावा आणि तुम्ही स्वतः धक्क्यावर उभ्या राहा. होडी सरळ तुमच्याकडे येताना लाल-हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत; डावं अंग तुमच्याकडे वळलं की फक्त लाल, उजवं वळलं की फक्त हिरवा. तसं दिसत नसेल तर मिस्त्रीचे पैसे राखून ठेवा आणि दिवे फिरवून घ्या.