सीईटी: ऐकीव आणि खरं

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की जामनेरात दुसराच अभ्यासक्रम सुरू होतो: सल्ल्यांचा. कुणाचा मामेभाऊ पुण्याला, कुणाची आतेबहीण नाशिकला, आणि प्रत्येकाकडे सीईटीचा एकेक मंत्र. त्यातले बरेच मंत्र जेईई आणि नीटचे असतात. ते सीईटीला लावले की मार्क हातचे जातात. त्यामुळे आधी परीक्षेचे नियम पाहू.

गैरसमज १ : चुकलं तर मार्क कापतात, म्हणून न येणारा प्रश्न सोडावा.
कापतात ते नीट आणि जेईईत. एमएचटी-सीईटीत उणे गुण नाहीत. गणिताचा प्रश्न २ गुणांचा असतो आणि त्याला चार पर्याय असतात. वीस प्रश्न कोरे सोडले तर शून्य. डोळे झाकून खुणा केल्या तरी सरासरीने पाच बरोबर येतात, म्हणजे १० गुण. दोन पर्याय खात्रीने चुकीचे आहेत एवढं कळलं, तर तेच २० होतात. एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

गैरसमज २ : अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, सीईटी बारावीवरच असते.
सध्याच्या रचनेत सुमारे २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर आहे. पीसीएमच्या १५० प्रश्नांत भौतिक, रसायन आणि गणिताचे प्रत्येकी दहाच्या आसपास प्रश्न अकरावीचे. गणिताला दुप्पट गुण असल्याने २०० पैकी ४० गुण अकरावीचेच. शिवाय सगळी अकरावी लागत नाही. परीक्षा घेणारा सीईटी कक्ष ठरावीक धड्यांची यादी देतो. ती यादी भिंतीला चिकटवली की ओझं निम्मं होतं.

गैरसमज ३ : सीईटी आहे ना, बोर्डाचं काय घेऊन बसलात?
इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, हे खरं. पण त्या यादीत पाय ठेवायलाच बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. आणि सीईटीचे प्रश्न राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर असतात. दोन्ही परीक्षांचं पुस्तक एकच. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं, तक्ते आणि आकृत्यांखालच्या ओळी न वाचता जाडजूड गाइड घेणं म्हणजे घरची विहीर सोडून टँकरची वाट पाहणं.

गैरसमज ४ : नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के.
परीक्षा बऱ्याच दिवसांत आणि सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणून तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती जणांना पडले, हे शेकड्यात मोजतात. पेपर अवघड गेला तर तो सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. बाहेर येऊन रडण्यात अर्थ नाही.

गैरसमज ५ : मराठी माध्यमातून आलेल्यांचं हे काम नाही.
भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा पेपर मराठीतही घेता येतो. गणित मात्र इंग्रजीतच असतं. त्यामुळे दहावीपर्यंत ‘रेषेचा चढ’ आणि ‘संभाव्यता’ शिकलेल्याला ‘स्लोप’ आणि ‘प्रॉबेबिलिटी’ दिसताक्षणी ओळखू आले पाहिजेत. त्यासाठी वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने पुरतात: मराठी शब्द आणि त्यासमोर इंग्रजी. गणित येत असताना निव्वळ शब्दाला अडून गुण जाणं, याच्यासारखं नुकसान नाही.

गैरसमज ६ : शेवटी धडे पुन्हापुन्हा वाचले की झालं.
२००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रत्येक विद्यार्थ्याने दोन उतारे वाचले. एक उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यातलं पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, आणि आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. वाचताना ‘हे येतं’ असं वाटतं. येतं की नाही, ते पुस्तक मिटल्यावरच कळतं.

सीईटीत तर घड्याळही अंगावर येतं. भौतिक आणि रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांनाही ९० मिनिटंच. सगळं संगणकावर, आणि कॅल्क्युलेटर नाही. ज्याने आयुष्यभर कागदावरच गोल काळे केले, त्याचा पहिला अर्धा तास माउस सांभाळण्यातच जातो. घरी संगणक नसेल तर मित्राकडे, कॉलेजात, नाहीतर कॅफेवर चार-पाच सराव परीक्षा द्याव्यात.

आणि त्यातली निदान एक दुपारी दोनला द्यावी. केंद्र जळगावला आलं, पाळी दुपारची मिळाली, तर जामनेरहून उन्हातून जाऊन तीन तास बसायचं आहे. एप्रिल-मेमध्ये तिथला पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या वेळी घरात सगळे जेवून आडवे झालेले असतात, वीजही गेलेली असू शकते. खरा सराव तेव्हाच होतो.