मूल खेळू लागले, तरी उपचार सोडू नका

मुलाला ताप येतो-जातो, अंग पांढरे पडते, मार न लागता काळे-निळे डाग उठतात, मानेला गाठी येतात. हे आठवड्यांमागून आठवडे चालले तर उताऱ्या-गंड्यात दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करून घ्या. रक्ताचा कर्करोग असेल तर संशय तिथेच येतो.

मुलांमध्ये ‘एएलएल’ हा रक्ताचा कर्करोग जास्त आढळतो. रोगाशी लढणाऱ्या एका पांढऱ्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि तिचीच बेसुमार वाढ होते. हा आजार एकमेकांना लागत नाही. यात आईचा काही दोष नसतो.

औषधे लागू पडली की महिना-दीड महिन्यात मूल खेळू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जेत रोगट पेशी १०० मध्ये ५ पेक्षा कमी दिसल्या, तर आजार आटोक्यात आला असे म्हणतात. पण काही पेशी दडून राहिलेल्या असू शकतात. त्यासाठी ‘एमआरडी’ तपासणी असते. ती १०,००० पेशींतली एक रोगट पेशीही हुडकते. पेशींना रंगीत खुणा लावून लेझरसमोरून एकेक सोडतात, किंवा बिघडलेले जनुकच मोजतात. ठरावीक पेशी आधी वेगळ्या काढायच्या असतील, तर त्यांना लोहाचे अतिसूक्ष्म कण चिकटवून चुंबकाजवळून नेतात. वाळूत चुंबक फिरवल्यावर लोखंडाचा कीस चिकटतो, तशा त्या पेशी मागे राहतात.

किती रोगट पेशी उरल्या, यावरून डॉक्टर पुढचे औषध सौम्य की कडक ते ठरवतात. एकही सापडली नाही तरी उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे पुरे करावे लागतात. ऊसतोडीला जाताना फेऱ्या चुकल्या, गोळ्या थांबल्या, तर आजार उलटू शकतो. कारखान्यावर जाण्याआधी डॉक्टरांना सांगून पुढच्या तारखा ठरवून घ्या.

आपल्याला जवळचे म्हणजे बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांतल्या कर्करुग्णांची नोंद बार्शीत १९८७ पासून होते. मोठे उपचार मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार आहेत, रेल्वेभाड्यातही सवलत आहे. मुंबईत मुलासह राहण्याची सोय हवी असेल, तर रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारा. रेशनकार्ड, आधार आणि आधीचे सगळे रिपोर्ट सोबत ठेवा.