फक्त लोकल चॅनलच का अडकतं? दोष सेट टॉप बॉक्सचा की कंट्रोल रूमचा, असं ओळखा

गावच्या यात्रेची पालखी केबलच्या लोकल चॅनलवर लाईव्ह सुरू असते. ज्यांना चालवत नाही अशी म्हातारी माणसं घरूनच दर्शन घेतात. आणि ऐन वेळी चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो. बाकीची चॅनल मात्र ठणठणीत! मग कुणी बॉक्सवर थापा मारतं, कुणी वायर हलवून बघतं. पण अशा वेळी दोष बहुतेक करून घरात नसतोच.

नेमकं होतं काय?

डिजिटल केबलमध्ये चित्र आणि आवाज १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांतून येतो. कंट्रोल रूममधलं मॉड्युलेटर नावाचं यंत्र ही पाकिटं केबलवर चढवतं. नेहमीच्या सेटिंगला एका फ्रिक्वेन्सीवर सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माल जातो. त्यात बरीच चॅनल बसतात.

हे यंत्र म्हणजे विहिरीवरचा रहाट समजा. रहाट एकाच गतीने फिरतो, गाडगं भरलेलं असो वा रिकामं. मॉड्युलेटरही थांबत नाही. माल कमी पडला की रिकामं पाकीट पाठवावं लागतं. त्याचा ठरलेला नंबर ८१९१. बॉक्स ते पाकीट टाकून देतो, चित्राला धक्का लागत नाही.

अडचण कुठे येते? बातम्या वाचणारा माणूस एका जागी बसलेला असतो, तिथे डेटा कमी लागतो. लेझीम, गुलाल, गर्दी आली की तो एकदम वाढतो. त्यात तोच कॉम्प्युटर अपडेट घेत असेल किंवा डेटा वायफायवरून जात असेल, तर पाकिटं कधी उशिरा, कधी एकदम ढिगाने येतात. काही पाकिटांत वेळेची खूणही असते, ती दर १०० मिलिसेकंदांच्या आत यावी लागते. तिच्यावरच बॉक्स आपलं घड्याळ लावतो. ते चुकलं की चित्र अडकतं.

केबलचालकांनी काय करावं?

- लोकल चॅनलसाठी वेगळा कॉम्प्युटर ठेवावा. अपडेट आपोआप सुरू होणार नाही असं बघावं.
- मॉड्युलेटरपर्यंत वायफाय नको, लॅनची वायरच टाकावी.
- सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट कायम एकसारखा ठेवावा, उरलेली जागा रिकाम्या पाकिटांनी भरावी.
- सगळ्या चॅनलची बेरीज ३८ च्या थोडी आतच ठेवावी.
- विजेचा लपंडाव असतोच, त्यामुळे कॉम्प्युटर आणि मॉड्युलेटर दोन्ही यूपीएसवर घ्यावेत.

घरी कसं ओळखायचं?

सगळीच चॅनल तुटत असतील तर आधी वायर, जॉइंट आणि बॉक्स तपासा. ठरावीक चार-आठ चॅनल एकदम तुटत असतील तर त्या फ्रिक्वेन्सीत बिघाड असू शकतो. एकटं लोकल चॅनलच अडकत असेल आणि शेजाऱ्यांकडेही तसंच असेल, तर नवा बॉक्स घेण्यात पैसे घालू नका. केबलवाल्याला सांगा, "माल एकसारखा येत नाही, कंट्रोल रूममध्ये बघा."

पालखी वर्षातून एकदाच निघते. त्यामुळे आदल्या दिवशी तासभर चालवून बघितलेलं बरं.